शेपटीवरचे तीन ठिपके

ठिपके हे त्यांचं आडनाव नव्हतं. कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाला हे कळायला वर्षभर लागायचं. पगारपत्रकावर वेगळंच नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायचं. एकदा दवाखान्यातल्या नर्सने केसपेपरवर 'श्री. ठिपके' लिहिलं, तेही त्यांनी दुरुस्त करून घेतलं नाही. म्हणाले, "हाक मारली तर ओ द्यायला हेच सोपं."

त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा बऱ्या हाताने कुणीतरी लिहायला हवं होतं. मी ट्रेसर. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने रेघा गिरवायच्या, हे माझं काम. स्वतःच्या मनाने एकही रेघ ओढायची नाही, असा नियम. त्यामुळे हे लिहिताना पुढची ओळ कुठून आणावी तेच समजत नाही. पण सगळी हकिगत माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

आमच्या कारखान्यात उखळी तोफेचे गोळे बनत. मोठ्या तोफेच्या नळीला आतून पीळ असतो. त्यातून निघालेला गोळा भोवऱ्यासारखा फिरत जातो आणि फिरतो म्हणूनच सरळ जातो. उखळी तोफेची नळी आतून गुळगुळीत असते. तिचा गोळा सरळ जायचा तर बाणाला पिसं लागतात तशी त्याला शेपटी लागते. आमच्या शेपटीला सहा पाती होती. नव्या नमुन्यात ही पाती किंचित तिरकी ठेवली होती, म्हणजे वाऱ्याने गोळ्याला हलकी गिरकी मिळावी आणि घडणीत राहिलेला बारीकसारीक वाकडेपणा सगळ्या बाजूंना सारखा वाटला जावा. कल्पना चांगली होती. ती मुख्य डिझायनरची होती. गिरवलं मी.

पहिल्या चाचणीला दहा गोळे उडवले. सात गेले. तीन मध्येच डगमगले, हवेत कोलांट्या खाल्ल्यासारखे झाले आणि फार अलीकडे पडले. त्यांच्या शेपट्या वेगळ्या सापडल्या. मग सुरू झाली ढकलाढकल. डिझायनर म्हणाले, कारखान्याने जोडणी ढिली केली. कारखाना म्हणाला, पाती पातळ आहेत. पाती जाड केली, मग लांब केली, मग शेपटीचा दांडा वाढवला. दर चाचणीला दोन-तीन गोळे तसेच पडायचे. आठ महिने हे घोंगडं भिजत पडलं. शेवटी वाऱ्यालासुद्धा दोष देऊन झाला.

ठिपके तेव्हा जोडणी विभागात फिटर होते. गोळ्याच्या बुडाला शेपटी आटे बसवून आवळायची, हे त्यांचं काम. ढिली जोडणी म्हणजे त्यांचाच हात, म्हणून सगळ्यांचं बोट त्यांच्याकडे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक सुटी शेपटी सळईवर अडकवली आणि रंगकामाच्या खोलीतल्या वाळवणीच्या पंख्यासमोर धरली. शेपटी फिरायला लागली. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग कुणाला तरी म्हणाले, "आपण ही उजवीकडे आवळतो आणि वारा हिला डावीकडे फिरवतोय. आपण घट्ट करायची, त्याने सोडवायची."

त्यांनी लगेच उपाय केला. शेपटी आवळून झाली की सांध्यावर पंच, म्हणजे टोकदार पोलादी कांडी, ठेवून हातोडीने तीन ठिपके मारायचे. धातू आट्यांत दबतो आणि शेपटी उलगडत नाही. ठिपका उथळ पडला तर उपयोग नाही, खोल पडला तर सांध्याला तडा. किती खोल ते हातोडीच्या आवाजावरून ठरायचं. पुढच्या चाचणीत दहाच्या दहा गोळे ओळंब्यासारखे सरळ गेले.

फाईलवर शेरा आला: 'ड्रॉइंगमध्ये सुधारणा होईपर्यंत तात्पुरती उपाययोजना म्हणून तीन ठिपके मारावेत. ही क्रिया सदर कारागिरानेच करावी व प्रत्येक पेटीवर सही करावी.'

हे 'तात्पुरती' त्यांच्या हातून एकोणीस वर्षं चाललं.

ड्रॉइंग सुधारायचं तर बदलाचं कारण लिहावं लागतं. कारण शोधायला गेलं असतं तर कळलं असतं, की डिझायनरच्या पेन्सिलीच्या कागदावर पाती उजवीकडेच तिरकी होती. शाईच्या कागदावर ती डावीकडे कशी गेली हे त्यांना विचारलं गेलं असतं, आणि न तपासता खाली सही का केली, हेही. त्यांना बढती मिळायची होती. साचे तयार झाले होते. सगळ्यांनी अंग काढून घेतलं.

मी त्याच आठवड्यात, ड्रॉइंगच्या खोलीत कुणी नसताना, मूळ कागद काढून बघितले. पात्यांचं चित्र एका वेगळ्या पातळ चिठोऱ्यावर होतं, नुसत्या रेघा, एकही अक्षर नाही. गिरवताना मी तो चिठोरा उलटा ठेवला होता. पारदर्शक कागद, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. मी कागद परत ठेवले आणि खण लावून टाकला.

आता ठिपक्यांच्या घराबद्दल. कारखान्याच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीसमोर घासकामाची शेड. तिची बारीक धूळ पडद्यातून, पाण्याच्या भांड्यावर, उशीच्या अभ्र्यावर. वहिनींना, म्हणजे ठिपक्यांच्या बायकोला, दमा तिथेच जडला. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, जागा बदला, कोरड्या हवेत जा. वहिनींच्या भावाचं दूर वरच्या भागातल्या एका गावात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, मागे राहायला तळमजल्याचं घर. तो म्हणे, "दाजी, तुमच्यासारखा हात मला शोधून सापडायचा नाही. या."

पहिला अर्ज केला. उत्तर आलं, 'सक्षम पर्यायी कारागीर उपलब्ध नसल्याने कार्यमुक्त करता येत नाही.' पाच वर्षांनी दुसरा केला. शेरा तोच. ठिपके मारायला शिकणारे मिळाले असते, पण सही करायला कुणी तयार नव्हतं. ड्रॉइंगमध्ये नसलेल्या गोष्टीखाली आपलं नाव कोण घालणार? आणि कार्यमुक्तीचा कागद नसताना फाटकाबाहेर पडणं म्हणजे आमच्या कारखान्यात पळून जाणं. मग निवृत्तिवेतन विसरायचं आणि पोलिसांची वाट बघायची.

कँटीनमध्ये लेथवाला त्यांची नेहमी फिरकी घ्यायचा. "ठिपके, तुम्ही मेलात तरी तुमची सुटका नाही. हात तेवढे ठेवून घेतील."

"डावा नेऊ देतील बहुतेक," ठिपके म्हणायचे आणि डाव्या हाताने चहा उचलायचे.

तिसरा अर्ज परत आला तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनी स्टुलावर बसलेल्या दिसल्या. शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी प्रत्येक वळणावर एक स्टूल ठेवलं होतं. हातात भाजीची पिशवी.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, श्वास घेतला. "मी मधल्या मुक्कामावर आहे. तुम्ही व्हा पुढे."

मी पिशवी घेतली आणि तिथेच उभा राहिलो. त्यांना सोडून पुढे जाववेना. वर पोचायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

वर ठिपके तो शेरा टेबलावर ठेवून बसले होते. वहिनींनी न वाचताच ओळखलं.

"मी सांगते ते कधी ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "चार ठिपके वाईट मारा. आपोआप काढून टाकतील."

"वाईट मारले तर गोळा अलीकडे पडतो. तिथे आपलीच माणसं उभी असतात."

"आणि चांगले मारले तर?"

ठिपके कागदाची घडी घालत बसले. त्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा निघाला नसावा, कारण वहिनीही उत्तराची वाट न बघता आत गेल्या. मला वाटलं, या तीन-चार गोष्टींच्या मध्ये हा माणूस चिणला गेलाय आणि त्यातली पहिली वीट माझी आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळं एका कागदावर लिहून काढलं. चिठोरा उलटा ठेवला, चूक माझी, आणि खाली सही. विभागप्रमुखांच्या खोलीत गेलो. त्यांनी वाचलं, उठून दार लावलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"भांडारात या शेपटीचे साठ हजार नग आहेत," ते म्हणाले. "हा कागद मी घेतला तर ते सगळे सदोष ठरतात. आणि गोळा तर सरळ जातोय. मग चुकलं काय?"

"मग त्यांना सोडा, साहेब."

"सही करणारा दुसरा आणा, आज सोडतो."

"मी करतो."

ते हसले. वाईट हसले नाहीत, खरंच हसू आलं त्यांना. "तुम्ही? तुम्ही कधी हातोडी धरलीय? आधी फिटरची परीक्षा द्या."

मी तिथून सरळ जोडणी विभागात गेलो. ठिपक्यांना म्हणालो, मला एक सांगायचं आहे. चिठोऱ्याचं सांगितलं. अर्धं दोनदा सांगावं लागलं.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पाती उलटी गिरवली गेली हे पंख्यासमोरच कळलं, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात गिरवणाऱ्याच्या नावाची अक्षरं असतात. तुझ्यासारखं अक्षर कारखान्यात दुसऱ्या कुणाचं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातली शेपटी आवळून घेतली, तीन ठिपके मारले, बाजूला ठेवली. "पहिल्या वर्षी तुझी दया आली. नोकरी कच्ची होती तुझी. नंतर राग आला. ती जिन्यात बसायला लागली तेव्हा फार राग आला. पण तोवर बोलून काही सुटण्यासारखं राहिलं नव्हतं. तुझं वाटोळं झालं असतं आणि मी इथेच."

मी मान खाली घातली.

"आता तोंड पाडून उभा राहू नकोस. हातोडी घे," ते म्हणाले. "मनगटातून नाही, कोपरातून. डोळ्याने बघू नकोस, ऐक."

सात महिने रोज काम संपल्यावर ते मला भंगारातल्या नळ्यांवर शिकवत होते. त्रेचाळिसाव्या वर्षी माझे हात नवीन काही शिकायला तयार नव्हते. शाईची रेघ ओढताना श्वास रोखायची सवय होती. इथे श्वास रोखला की ठिपका खोल जायचा. "श्वास सोड, बाबा," ते म्हणायचे, "घरी एकीचा अडकतोय तेवढा पुरे." पहिल्या परीक्षेत माझ्या दोन सांध्यांना तडे गेले आणि मी नापास झालो. त्या संध्याकाळी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या परीक्षेत सुटलो, जेमतेम.

त्यांना कार्यमुक्त केलं तो मंगळवार होता. फाटकावर भांडाराचा कारकून आडवा आला. पंच कारखान्याच्या मालकीचा, जमा करा म्हणाला. ठिपक्यांनी खिशातून काढून दिला. मग तो पंच आणि नोंदवही कारकुनाने माझ्यापुढे केली. मी सही केली. ठिपके बघत होते. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणायचं होतं बहुतेक, पण वहिनी रिक्षातून म्हणाल्या, "चला हो, ते पुन्हा बोलावतील." ते घाईघाईने जाऊन बसले.

मी पुढे निवृत्त होईपर्यंत, पंधरा वर्षं, ठिपके मारत राहिलो. मधे एकदा त्यांच्या गावी गेलो होतो. दुकानात पंपांची रांग, त्यांचे हात ग्रीसने काळे. वहिनी मागच्या अंगणात स्वतः बादली भरत होत्या आणि भरता भरता शेजारणीशी भांडतही होत्या, एका दमात. मी उगाचच तिथे उभा राहून ते भांडण पूर्ण ऐकलं.

जेवताना ठिपक्यांनी विचारलं, "ड्रॉइंग सुधारलं?"

"नाही."

"तू अर्ज केलास का?"

"एकदा केला."

त्यांनी शेरा काय आला ते विचारलं नाही. माझ्या ताटात आणखी भात वाढला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आलात तसे चार दिवस राहा. इथे जिना नाही काही नाही." मी हो म्हणालो असतो. पण पेटीवर सही करणाऱ्याला लागोपाठ दोन दिवस रजा मिळत नसे, आणि परतीची गाडी पाचची होती.