निळ्या पानांचा पलंगपोस

"हात धुतले का?" खोलीच्या दारातच ताई विचारायच्या. हो म्हटलं की दुसरा प्रश्न, "वाळवले का?" एकदा संस्थेच्या अध्यक्षांनाही त्यांनी ओल्या हातांनी परत पाठवलं. अध्यक्ष मुकाट्यानं पंख्याखाली जाऊन उभे राहिले.

आमच्या छोट्या खाजगी संग्रहालयात त्या जुन्या कापडांची डागडुजी करत. पुंडलिकनगरहून स्कूटीवर येत आणि डबासुद्धा खोलीबाहेर ठेवत. नोकरी कंत्राटी, करारावर अध्यक्षांची सही दरवर्षी नव्यानं. मी नोंदी ठेवणारा कारकून. इतक्या वर्षांत त्यांनी मला कापडाला बोट लावू दिलं नाही, आणि त्याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

अशा माणसाचं एखादं लाडकं काम असतंच, तुम्हीही पाहिलं असेल. ताईंचा एक पलंगपोस होता. काही शतकांपूर्वी परदेशी जहाजांवर चढवायला हातानं रंगवलेलं सुती कापड, मधोमध मोठं झाड, आणि पानं चक्क निळी. लोक हसत.

"हिरवीच होती ओ," ताई सांगत. "निळ्यावर पिवळा चढवायचे. पिवळा उडाला, निळा राहिला."

यंदा तो पलंगपोस परदेशातल्या प्रदर्शनासाठी मागवला गेला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पानं जरा हिरवी करा. बरं दिसेल."

"नाय जमायचं, साहेब."

ताईंच्या करारावर यंदाची सही अजून व्हायची होती, म्हणून मी त्यांना समजवायला गेलो. त्यांनी मला कोपऱ्यातलं एक पान दाखवलं. आत पांढरं, नुसती कड उरलेली.

"नवीन होते तवा यावर मीच पिवळा लावला. भडक दिसला म्हणून ओल्या बोळ्यानं घासला, तर खालचा निळाबी निघून आला. लई रडले, भाऊ. कुणाला सांगितलं नाय."

सही झाली नाही. ताई घरी बसल्या. मी अध्यक्षांशी बोलायला हवं होतं. बोललो नाही, आणि ते अजून टोचतं.

पानं रंगवणारं दुसरं कुणी मिळालं नाही, तेव्हा पलंगपोस निळ्या पानांसकटच पाठवायचं ठरलं. कापड पाठवण्याआधी त्यावरच्या प्रत्येक खराबीचं कारण कागदावर लिहावं लागतं. त्या पानापुढं मी 'कारण माहीत नाही' असं लिहिलं आणि मोठे उपकार केल्यासारखं ताईंना फोनवर सांगितलं.

"खोडा ते," ताई म्हणाल्या. "माझं नाव लिवा. पूर्ण लिवा."

मी लिहिलं. त्यांनी इतकी वर्षं जपलेल्या त्या कापडाच्या कागदांवर ताईंचं नाव तेवढ्या एकाच ओळीत आहे.