गच्चीवरची वाळ्याची ताटी
खिडकीतली वाळ्याची ताटी भिजवली की त्या वासाबरोबर मला भिलाईतली मे महिन्यातली एक दुपार आठवते. तिथल्या पोलाद कारखान्यातल्या प्लेट मिलच्या कंट्रोल रूमच्या एसीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. धूळ आत शिरू नये म्हणून त्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा लागे. त्या दुपारी दाब घसरायला लागला आणि आर्द्रतेची सुई चढायला लागली. दाब सांभाळायला मी बाहेरच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, आणखी उघडला, तर सुई अजूनच वर गेली. कंट्रोलच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांनी ओल धरली असती तर मिल थांबून लालबुंद प्लेट रोलरवरच अडकली असती. घाबरून मी गच्चीवर धावलो. बाहेरची हवा ओढणाऱ्या जाळीला वाळ्याची ताटी बांधलेली होती आणि आमचे अकोल्याकडचे फोरमनकाका तिच्यावर बादलीनं पाणी मारत होते. "लू चालून राहिली न बाप्पा," ते म्हणाले, "मशीनले थंडी हवा भेटली पाहिजे म्हून घरची काढून आणली." त्या ताटीनं हवाही अडत होती आणि ओलावाही आत जात होता. मी सुतळी सोडायला लागलो, तसे काकाही समजले आणि दुसरं टोक सोडायला लागले. खाली आलो तर सुई उतरत होती. मी खुर्चीत टेकलो, कितीतरी वेळानं नीट श्वास घेतला. काका मात्र ओली ताटी काखेत धरून दारातच उभे होते. "आता घरी जातो," ते म्हणाले, "तुमची काकू सकाळपासून हेच शोधून राहिली असन." आज माझ्याकडे एसी आहे, तरी दर उन्हाळ्यात ताटी लावतो, आणि बायकोला विचारूनच लावतो.