टाक्यांपासून वीतभर अंतरावर

भुताखेतांच्या गोष्टी रंगात आल्या की "चला, पुरे झालं, झोपा आता" म्हणणारी मी. पण हे भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत घडलंय...

मुलुंड पश्चिमेला, खाली मिठाईचं दुकान असलेल्या एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये माझं सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी नवरा जेवायला गेला होता. माझ्या डाव्या हाताला सलाईन, लघवीची नळी लावलेली, पलंगाला दोन्हीकडून दांडे, उजव्या हातावर लेक झोपलेली. मान तेवढी हलवता येत होती!

समोरच्या खोलीत एका बाईच्या टाक्यांत पू झाला होता. पडदा अर्धवट ओढून सिस्टर तिचं ड्रेसिंग करत होत्या. ते आटोपून त्या थेट माझ्याकडे आल्या. ट्रे तोच, ग्लोव्हजही तेच — बोटांवर पिवळट डाग.

"सिस्टर, ग्लोव्हज बदला ना."

"अहो ताई, वरून सॅनिटायझर मारते ना! रोज असंच करतो आम्ही." त्यांनी ग्लोव्हजवरच दोन फवारे मारले आणि माझी पट्टी काढली. "हलायचं नाही हां."

हलणार कुठे? आरडाओरडा करावा तर पुढचे दिवस लेक आणि मी याच बाईच्या हातात. इतकी लाचार मी कधीच झाले नव्हते. ती बोटं टाक्यांकडे येऊ लागली. मला रडू फुटलं.

आणि वीतभर अंतरावर हात थांबला.

"सोडा ना ताई," सिस्टर म्हणाल्या.

"मी कुठे धरलंय?"

त्यांनी हात खेचला. हलेना! ग्लोव्हच्या वर, मनगटाच्या कातडीत चार बोटांचे खळगे रुतले होते... बोटं मात्र नव्हती. घामाघूम होऊन त्यांनी दुसऱ्या हाताने तो ग्लोव्ह ओरबाडून काढला, तेव्हा कुठे हात सुटला.

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. नवा ट्रे, नवे ग्लोव्हज आणून ड्रेसिंग केलं. माझे टाके छान भरले. डॉक्टर मैत्रीण म्हणते, सिस्टरच्या हाताला पेटका आला असेल. असेलही. मग ते खळगे?

डिस्चार्जच्या दिवशी मी सिस्टरना गाठून त्या खळग्यांबद्दल विचारलंच. त्यांनी आधी दार लोटलं.

"हात बाईचा होता, ताई. बांगड्या लागत होत्या मला. आणि तापाने नुसता फणफणला होता."

ती बाळंतीण कोण, कधीची, कुणाच्या ग्लोव्हजनी तिचे टाके पिकले, मला आजही माहीत नाही. पण त्या तापातून ती उठली नसणार.