सासूबाईंची जीभ आणि हंसांची छाती

हंसपालन केंद्रात सगळे त्याला शिंपीच म्हणत. दुकान बंद पडल्यावर तो तिथे कामाला लागला, तेव्हा गळ्यातली टेप तशीच राहिली. ब्लाउजऐवजी हंसांची मापं सुरू झाली, एवढंच. एका हाताने पंख आवळायचे, दुसऱ्याने छातीचा घेर घ्यायचा, मग मान, मग पायाची नळी. गिऱ्हाईक फिस्कारायचं, कडकडून चावायचंही, पण खांद्यात घट्ट झालं म्हणून परत तरी येत नसे.

केंद्रातल्या डॉक्टरबाईंना एकच ध्यास होता. रुंद छातीच्या हंसाचं मांस खरंच मऊ असतं का? त्यासाठी नुसतं मीठ घालून शिजवलेले तुकडे चाखून मत देणारी माणसं लागत. ऐन चाखणीच्या दिवशी त्यांतला चौकीदार दाढ धरून घरी बसला.

"तुमच्या घरी कोणी रिकामं आहे का?" बाईंनी शिंप्याला विचारलं.

होतं ना. सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आल्या होत्या, आणि आता शेजारी त्यांनाच घरमालकीण समजू लागले होते. त्यांच्या मते भात चिकट, भाजी पांचट, पाणीसुद्धा कोमट. बायको रडकुंडीला आली होती. एक दुपार तरी घर शांत राहील म्हणून शिंपी त्यांना घेऊन आला.

बाकीचे चाखणारे "बरं आहे", "छान आहे" करत होते. सासूबाईंनी पहिला तुकडा बराच वेळ चघळला.

"कोरडं. चावताना कान हलतात."

दुसरा घेतला. "हे मऊ आहे, पण डबक्याचा वास येतो."

डॉक्टरबाई सावरून बसल्या. त्यांनी गुपचूप पहिल्याच हंसाचा तुकडा पुन्हा पुढे केला.

"हे मघाचंच आहे. म्हातारीला फसवता होय?"

"आई, जरा हळू," शिंपी पुटपुटला.

"जावईबापू, तुम्ही मापं घेता तेव्हा मी मध्ये बोलते का?"

रुंद छातीचे निम्मे हंस चिवट निघाले. पण डॉक्टरबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. "यांना जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "अजून वर्षभर चाखणी आहे." शिंप्याला वाटभर एकच घोर लागला. घरी सांगायचं कसं?

सांगावं लागलंच नाही. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी आपली कॉट खिडकीजवळ ओढून घेतली. नवल एवढंच, की त्या रात्री समोर आलेलं सगळं त्या निमूट जेवल्या. लेकीलाच राहवेना.

"आई, भाजी जमली नाही का?"

"आता कामावर नाही मी," त्या म्हणाल्या, आणि आणखी वाढून घेतली.