गोठ्यामागची सनई

"ए सख्या, जा, म्हशीपुढं वाजीव. मानसात वाजवायची तुजी लायकी न्हाई."

पाटील असं म्हणाला आणि पंगतीला बसलेले लोक हसले. सख्या म्हणजे माझा बा. सखाराम नाव होतं त्याचं. पाटलापेक्षा वयानं मोठा, पण त्या गावात त्याला पुऱ्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. पाटलाची शेंबडी पोरंसुद्धा सख्याच म्हणायची.

बा गोठ्यात गेला. दावणीला म्हैस होती. तिच्यासमोर, शेणामुतात उकिडवा बसला. सनईची पत्ती तोंडात धरून ओली केली आणि वाजवायला लागला. मी त्याच्या मागं बसलो आणि सूर धरला. सूर धरणं म्हणजे काय ते सांगतो. सनईवाले दोघं असतात. एक जण गाणं वाजवतो. दुसरा एकच स्वर लावून धरतो, न थांबता. गाल फुगवायचे, नाकानं श्वास घ्यायचा, तोंडातली हवा तुटू द्यायची नाही. हे काम माझं. मिसरूड फुटलं होतं तेव्हा मला, म्हणजे सगळं कळत होतं.

म्हशीनं कान हलवला की बाहेर खसखस पिकायची. "बघा बघा, मान डोलावती! हिला कळतंय!" पाटलाचा मेव्हणा ताटावरनं उठून बघायला आला, हाताला भात लागलेला. बाच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. पुसणार कसं? दोन्ही हातांची बोटं सनईच्या भोकांवर. पंगत उठेपर्यंत थांबायचं नाही, असा हुकूम होता. आणि पाटलाकडच्या लग्नाची पंगत लवकर उठत नाही.

काय गुन्हा केला होता आम्ही? ऐका.

आम्ही मांग. मुळशीच्या खोऱ्यात आमचं मूळ गाव होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. आजा डोक्यावर बोचकं आणि काखेत सनई घेऊन वर आला आणि या गावाच्या वेशीबाहेर राहिला. गावाचं नाव घेत नाही. नेऱ्यापासून भूगावपर्यंत कुठल्याही गावाचं घाला, चालेल. गावातलं एकही लग्न आमच्याशिवाय लागायचं नाही. बदल्यात खळ्यावर बलुतं मिळायचं, तेही मिनतवाऱ्या केल्यावर. सनई म्हणे मंगल. पण ती फुंकणारं तोंड विटाळाचं! म्हणून मांडवात आम्हाला जागा नव्हती. मांडवाच्या सावलीतही नव्हती. गोठ्यामागं बसायचं, तिथनं वाजवायचं.

आता यातली गंमत बघा. मंगलाष्टका चालू असताना वाजंत्र्यांनी गप्प बसायचं असतं. शेवटची अष्टका संपली, अंतरपाट दूर झाला, की त्याच क्षणी वाजलं पाहिजे. जरा मागंपुढं झालं तर अपशकुन. पण प्रत्येक अष्टकेच्या शेवटी भटजी 'सावधान'च म्हणतो. त्यात कुणाची आत्या एक म्हणणार, कुणाचा मामा एक म्हणणार. शेवटची कुठली, हे बघितल्याशिवाय कळायचं कसं? गोठ्यामागनं तर नुसता गलका ऐकू येतो. म्हणून पाटलाचा एक गडी गोठ्याच्या कोपऱ्यावर उभा राहायचा. त्यानं उपरणं हलवलं की आम्ही वाजवायचं. आजाच्या वेळेपासनं असंच चालत आलेलं.

त्या दिवशी पाटलाच्या थोरल्या पोराचं लग्न होतं. गडी कोपऱ्यावर होता, पण त्याच्या पुढं नवरीचा चांदे गावचा मामा येऊन उभा राहिला. मामाच्या अंगावर अक्षता पडल्या होत्या. त्यानं उपरणं काढलं आणि झटकलं. आम्हाला काय दिसलं? उपरणं हललं. बानं फुंक मारली, चुलत्यानं डफड्यावर काडी टाकली, मी सूर लावला.

अष्टका अर्धीच झाली होती. वाजंत्री ऐकल्याबरोबर लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता टाकून दिल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला. नवरानवरीनं मुहूर्ताच्या आधी एकमेकांचं तोंड बघितलं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. भटजी म्हणाला, "अहो, हे काय झालं!" पाटलाच्या पायाची आग मस्तकात गेली.

उपरणं कुणी झटकलं ते सगळ्या मांडवानं बघितलं होतं. मामाला कुणी चकार शब्द बोललं नाही. त्याला जिलेबीचा आग्रह झाला. बाला मांडवाबाहेरच्या धुळीत नाक घासायला लावलं. नाक घासून झालं. मग म्हैस.

घरी आल्यावर आयनं बाच्या पुढं भाकरी ठेवली, ती तशीच राहिली. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. मी म्हटलं, "आपली काय चूक? आपल्याला दिसतच न्हाई तर आपुन काय करनार?" बा म्हणाला, "गप बस. त्येंचं खातुया आपुन." मी म्हटलं, "फुकट खातुया व्हय?" त्यानं हातातला तांब्या माझ्या अंगावर फेकला. माझ्यावर हात टाकायला त्याला जोर होता. तिकडं नव्हता. हेसुद्धा त्यांनीच शिकवलेलं.

त्यानंतर बाचं वाजवणं गेलं. सनई ओठाला लावली की ओठ थरथरायचे. सूर फाटायचा. ज्या माणसाची सनई ऐकून पौडच्या बाजारात माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची, तो माणूस दाराशी बसून दोऱ्या वळायला लागला. मग गाणं वाजवायचं काम माझ्याकडं आलं, आणि बा माझ्या मागं बसून सूर धरायला लागला. हे असं उलटं व्हायला नको होतं. निदान या कारणानं तरी नको होतं.

त्याच वर्षी पलीकडच्या महारवाड्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. पाटलाचा बैल मेला. सांगावा गेला, कुणी आलं नाही. पाटील स्वतः महारवाड्याच्या तोंडाशी जाऊन शिव्या घालून आला, तरी कुणी आलं नाही. बैल फुगला. वास गावभर सुटला. शेवटी पाटलाच्या पोरांनी नाकाला फडकी बांधून तो ओढत नेला, जागोजाग ओकत. मी बांधावर उभा राहून सगळं बघितलं. खरं सांगतो, इतका आनंद मला कुठल्या सणाला झाला नव्हता. नाही म्हटलं तर आभाळ कोसळत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

महारवाड्यातला एक म्हातारा माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "आमी सोडलं. तुमी कवापातूर गोठ्यात बसनार?" मला राग आला त्याचा. घरी येईपर्यंत कळलं, राग त्याचा नव्हता.

पुढच्या लग्नसराईत पाटलाच्या पुतणीचं लग्न निघालं. सांगावा आला. मी बाला न विचारता पाटलाच्या दारात गेलो. ओसरीखाली उभा राहिलो आणि म्हणालो, "आमी मांडवाच्या कडंला बसतो. आत न्हाई येत. निस्तं दिसलं पायजे."

पाटील सुपारी कातरत होता. म्हणाला, "काय दिसलं पायजे तुला? नवरी?"

ओसरीवरचे सगळे खिदळले. मी म्हटलं, "अंतरपाट."

"गोठ्यामागं बसायचं. तुजा आजा बसला, तुजा बा बसला. तुला काय शिंगं फुटली? आन ह्या टायमाला चुकला तर म्हशीपुढं न्हाई, म्हशीखाली बसवीन."

मी वळलो. घरी आयला कळलं तेव्हा ती कपाळ बडवून घ्यायला लागली. "आरं, बलुतं बंद करतील. जायाचं कुटं आपुन?" तिचं खोटं नव्हतं. जमिनीचा तुकडा नव्हता आम्हाला. राहत्या जागेवरसुद्धा पाटलानं हक्क सांगितला असता तर विचारणारं कुणी नव्हतं. मी तिला म्हटलं, "जातो म्या वाजवायला. रडू नगं." गेलोही.

गोठ्यामागं बसलो. मी पुढं, बा मागं, चुलता डफडं घेऊन बाजूला. ऊन मी म्हणत होतं. गडी कोपऱ्यावर उभा होता, आणि या खेपेला त्याच्यासमोर कुणी येऊ नये म्हणून आणखी एक माणूस ठेवला होता. एवढी व्यवस्था केली त्यांनी. आम्हाला चार पावलं पुढं बसवण्यापेक्षा त्यांना दोन माणसं राबवणं सोपं वाटलं. मला हसू आलं.

अष्टका सुरू झाल्या. सावधान, सावधान, सावधान. बानं पत्ती ओली केली. गड्यानं उपरणं हलवलं. जोरात, दोन्ही हातांनी, डोक्यावर धरून. बानं सूर लावला.

मी सनई मांडीवर ठेवली.

बाचा सूर तेवढा निघाला. एकटा. त्याच्यावर गाणं नाही, काही नाही. चुलत्यानं काडी उचलली होती, ती वरच राहिली. कोपऱ्यावरचा गडी उपरणं हलवतोय, नाचतोय, "आरं वाजवा, वाजवा की रं भडव्यांनो" म्हणून बोंबलतोय. बानं सूर न सोडता मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे मोठे झाले होते त्याचे. मला वाटलं, आता हा सनई माझ्या डोक्यात घालणार. मी त्याच्याकडं बघत राहिलो. मी भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू? पण सनईला मी हात लावला नाही.

मग बानं तोंडातली सनई काढली.

असली शांतता मी कुठल्या लग्नात ऐकली नव्हती. तिकडं मांडवात अंतरपाट धरणाऱ्यांना कळेना, सोडायचा की धरायचा. मागच्या खेपेला आधी सोडला म्हणून बोलणी खाल्ली होती, म्हणून या वेळी दोघंही घट्ट धरून उभे राहिले. भटजी ओरडतोय, मुहूर्त चाललाय, आणि ते सोडायला तयार नाहीत. शेवटी कुणीतरी आचाऱ्याकडचं ताट आणलं आणि पळीनं बडवलं. पाटलाच्या पुतणीचं लग्न ताट बडवून लागलं.

मग आले. पाटील पुढं, मागं दहा-बारा जण. मी उठून उभा राहिलो. पाटील म्हणाला, "का वाजिवलं न्हाईस?"

मी म्हटलं, "दिसलं न्हाई."

"समूर उपरनं हालत व्हतं!"

"उपरनं दिसलं. लगीन दिसलं न्हाई. गोठ्यामागनं लगीन दिसत न्हाई, पाटील."

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी कुठं बसली ते आठवत नाही. मी खाली पडलो, तोंडात माती गेली. आणि मग माझ्यावर कुणीतरी आडवं पडलं. बा. आयुष्यात ज्यानं पाटलापुढं मान वर केली नव्हती, तो माझ्या अंगावर पालथा पडून ओरडत होता, "मलाबी दिसलं न्हाई! मारा, मलाबी दिसलं न्हाई!" काठ्या त्याच्या पाठीवर पडत होत्या आणि तो तेच म्हणत होता. त्या आवाजात रडणं नव्हतं. मी माझ्या बापाचा खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

बलुतं बंद झालं. विहिरीवर आम्हाला वरनं पाणी घालायचे, तेही बंद झालं. आय मैलभर लांबनं ओढ्याचं पाणी आणायची. बाची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. उगाच गोड बोलणार नाही मी, गावात कुणाचं मन बदललं नाही. पाटलानं दुसऱ्या गावचे वाजंत्री आणले, आमच्याच भाऊबंदांतले, आणि ते मुकाट गोठ्यामागं जाऊन बसले. मी त्यांच्या घरी गेलो, समजावून सांगितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "तुज्या अकलंनं आमची पोरं उपाशी मारू का?" दार लावून घेतलं. त्याचाही राग आला, पण पाटलाच्या वाट्याचा राग मी त्याला दिला नाही.

उन्हाळा सरता सरता पाटलाचा गडी आला. म्हणाला, "या, दोघंबी नाक घासा. धनी मागचं समदं इसरत्याल. बलुतं चालू व्हईल." आय माझ्याकडं बघत होती. तिच्या हातातली घागर रिकामी होती. मी बाच्याकडं बघितलं. त्याच्या पाठीचे वळ अजून काळे होते. तो दोरी वळत होता. वर न बघता म्हणाला, "त्याला इचार. गानं आता त्यो वाजिवतो."

मी गड्याला म्हटलं, "सांग पाटलाला, इसरायचं का न्हाई ते आमी ठरवू. मार आमी खाल्लाय."

लोक मला म्हणाले, सनई मोडून टाक, चुलीत घाल, तिच्यापायीच हे सगळं. का म्हणून? माझ्या आजानं पाण्यातनं घर वाचवलं नाही, सनई वाचवली. ती वाजवण्यात लाज नाही. लाज कुणाला वाटायची असेल तर त्यांना वाटू दे, ज्यांना फुंक पाहिजे आणि फुंकणारा नको. मी दिवसा खडी फोडतो आणि संध्याकाळी रियाज करतो. वेशीबाहेर बसून, गावाला ऐकू जाईल असा.

सुपारी घेऊन आता कुणीही दारात आलं, पाटील असो नाहीतर आणखी कुणी, मी आधी एवढंच विचारतो, मांडवात आमची जागा कुठली? जागा दाखवली तर येतो आणि जीव ओतून वाजवतो. नाही दाखवली, तर लग्न तुमचं, मुहूर्त तुमचा. मी उठणार नाही.