कुत्रा धरा जी

आधीच सांगून ठेवते, मी असलं काही मानणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध. आमच्याकडे देवालाच थारा नाही, तिथे भुताला कोण पाट मांडणार? वरून मी शाळेत सायन्स शिकवते. तरी हे लिहितेय, कारण आईने ऐकलं, मी ऐकलं, आणि ज्याला ऐकवायचं होतं त्याने तर पुरतं ऐकलं.

राजुऱ्याहून आत, कोळसा खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. गावाच्या टोकाला आईचं घर, बांबूचं कुंपण, फाटक, मागे तलावाची पाळ. बाबा गेल्यापासून आई एकटी. म्हणजे ती आणि भुऱ्या. भुऱ्या गावठी कुत्रा. पिल्लू असताना त्याच्या घशात हाड अडकलं होतं, तेव्हापासून भुंकता भुंकता मध्येच ठसका लागायचा त्याला, म्हाताऱ्या माणसासारखा. फाटकाशी कोणी आलं की हा सुरू. त्यामुळे गावात रीतच पडली... फाटकाला हात लावायच्या आधी रस्त्यावरूनच ओरडायचं, "कुत्रा धरा जी." आई त्याला खांबाच्या दोरीला बांधायची आणि म्हणायची, "धरला, या." मगच माणूस आत.

चावला तो कोणालाच नाही. पण रस्त्यापलीकडच्या सुधाकरवर त्याचा खास राग. सुधाकरला आमच्या आवारातून ट्रॅक्टरची वाट पाहिजे होती. आई नाही म्हणाली होती. तरी आई शेतात गेली की हा कुंपण उपटायला यायचा आणि भुऱ्या त्याला फाटकावरूनच वापस पाठवायचा.

गेल्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, भुऱ्या एका सकाळी दिसेना. आईने पाळीवर, नाल्यात, सगळीकडे गुपचूप शोधलं आणि मला फोन केला. "कोनाले सांगू नोको. एकट्या बाईच्या दारात कुत्रा नाई, हे लोकायले समजाले नाई पायजे."

मी सुट्टी टाकून गेले. बघते तर काय... सिलिंडरवाला आला, आशाताई आल्या, सगळे रस्त्यावरूनच, "कुत्रा धरा जी." आणि माझी आई रिकामी दोरी हातात घेऊन म्हणायची, "धरला, या." मला ते बघवत नव्हतं.

मग सुधाकर आला. हाक नाही, काही नाही. फाटक ढकललं आणि कुंपण उपटायची लोखंडी सब्बल घेऊन सरळ आत. जे अख्ख्या गावाला माहीत नव्हतं, ते ह्याला माहीत होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"सुधाकरभाऊ, आवाज नाई देल्ला आज?" आईने विचारलं.

तो जागीच थबकला. मग हसला. "कुत्रा तं मेला ना काकू. वाघानं नेला असन."

"मेला म्हून तुले कोनं सांगतलं?" मी म्हटलं.

"जाशीन का मंग पोलिसात, कुत्र्यासाठी?"

माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातली सब्बल हिसकून मी रस्त्यावर फेकली. शाप-बिप मी मानत नाही, पण तोंडातून निघून गेलं, "थो तुले सोडनार नाई, सुधाकर. तुह्या दारात येऊन बसन थो." तो थुंकला, सब्बल उचलली, रस्ता ओलांडला आणि स्वतःच्या फाटकाला हात लावला.

आणि त्याच्या घरातून कुत्रा भुंकला.

दाराला कुलूप होतं. बायको मंदा मोहफुलं वेचायला गेलेली. कुत्रा त्याने जन्मात पाळला नव्हता. त्याने हात काढला, भुंकणं थांबलं. पुन्हा लावला — पुन्हा तेच, आणि मध्येच ठसका. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

मी धावत जाऊन त्याच्या घराला चक्कर मारली. कोणाचा मोबाईल वाजतोय का, कोणाचं पिल्लू अडकलंय का... काही नाही. मंदा आली, कुलूप उघडून आत गेली, आवाज नाही. पलंगाखाली काठी घालून पाहिली, कोठ्या हलवल्या. सुधाकरने पाय टाकला की सुरू. शेजारपाजारचे जमले, त्यांनीही ऐकलं.

तेव्हापासून तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये झोपतो. मंदा ताट फाटकावर आणून देते. लिंबं बांधून झाली, दोन-तीन बाबा येऊन गेले. मी हसले. खरं सांगते, पोटभर हसले. आमच्या कुंपणाकडे त्याने परत पाहिलं नाही. आणि शेवटी काय पाळी आली बघा — हा बाप्या स्वतःच्याच फाटकावर उभा राहून आपल्या बायकोला ओरडायला लागला, "कुत्रा धरा जी." ती बिचारी आतून म्हणायची, "धरला, या." पण तिचं कोण ऐकतंय.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना मंदा आमच्याकडे आली. आईच्या पायाशीच बसली.

"काकू, भाकरीत फवारनीचं औषध कालवलं यायनं. मी पायलं, बोलली नाई. मानूस वाळून चालला आता. कुत्रा तुमचंच आयके. येक डाव म्हना फक्त... धरला, या."

समोर सुधाकर त्याच्या फाटकाशी उभा होता, हात मागे घेऊन, आमच्याकडे बघत. गालफडं बसलेली. माझ्या आईला मी ओळखते. दारी आलेल्याला तिने कधी विन्मुख पाठवलं नाही. ती म्हणून टाकेल, याची मला भीती वाटत होती. मनात मी एकच घोकत होते, नको म्हणू, आई, नको म्हणू.

आई उठली. खांबाची दोरी सोडली आणि मंदाच्या हातात दिली.

"घे बाई. दोरी हाय. कुत्रा कुठी हाय माह्याजवळ? धरू कोनाले?"

मंदा दोरी घेऊन निघून गेली.

मी पोरांना ध्वनी शिकवते, प्रतिध्वनी शिकवते. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि शोधायची इच्छाही नाही. काल आईशी फोनवर बोलत होते, मागून आवाज येत होता. भुंकणं, मग ठसका. मी विचारलं, "तुले त्रास तं नाई होत ना याचा?"

"काऊन होईन?" आई म्हणाली. "दाराशी कुत्रा हाय. झोप चांगली लागते."