भोईर सरांकडे राहिलेले माझे पान

भोईर सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लेख द्यायला मी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा होकार दिला, त्याचे कारण सरळ सांगते. आमच्या नेमबाजी मंडळाची एक रीत आहे. ज्याची गोळी शेजाऱ्याच्या नेमाच्या कार्डावर लागेल, त्याने घडले ते स्वतःच्या हाताने एका पानावर लिहायचे, सर्वांसमोर वाचायचे आणि ते पान सरांच्या हाती द्यायचे. माझे असे एक पान सहा वर्षे द्यायचे राहिले आहे. गेल्या महिन्यात सरांनी मंडळाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. ते पान दिल्याखेरीज मला त्या उचलता येणार नाहीत. म्हणून हा लेख. सरांचा गौरव आणि माझी चूक एकाच कागदावर येत आहेत, याला माझा इलाज नाही.

सरांची आणि माझी ओळख तक्रारीतून झाली. घणसोली गावाला लागून आमचे टॉवर उभे आहेत. मी तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते आणि सोसायटीची सेक्रेटरी होते. गावातल्या एका घराच्या तळमजल्यावर बंदुका चालतात, मुले-मुली लांबलचक पिशव्या खांद्याला लावून आमच्या गेटसमोरून ये-जा करतात, अशी कुजबुज होती. मी कडक शब्दांत पत्र लिहिले आणि ते द्यायला स्वतः गेले.

दारात एक ठेंगणे, रुंद पंजांचे गृहस्थ सायकलच्या रिमला वंगण घालत बसले होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पत्र उभ्यानेच शेवटपर्यंत वाचले.

"अक्षर मस्त हाय तुमचा," ते म्हणाले. "‘धोकादायक’ लिवलाय. कंचा धोका बगितला?"

"बघायचं काय त्यात? बंदुका आहेत ना आत?"

"हाईत. या, बगा. मंग पत्र द्या, मी सही करून घेतो."

आत लांबट खोली होती. एका टोकाला सहा जागा आखलेल्या, दुसऱ्या टोकाला दहा मीटरवर सहा कार्डे टांगलेली, प्रत्येकाच्या वर नंबराची पाटी. डझनभर मुले होती. सर नुसते "थांबा" म्हणाले. आवाज चढवला नाही. जागांवरच्या सहाही जणांनी एअर रायफली उघडून टेबलावर ठेवल्या आणि दोन पावले मागे सरकून हात पाठीशी बांधले. सर पुढे जाऊन एक कार्ड सरळ करून परत आले, तोवर कोणी टेबलाकडे पाहिलेही नाही. तीस वर्षे शाळेत काढून इतकी शांतता मला न ओरडता कधी मिळाली नव्हती. पत्र पर्समध्येच राहिले. निघताना मी विचारले, "तुमच्याकडे वयाची अट काय?"

"उबा रवता येतो ना? मंग झाला."

साठाव्या वर्षी मी मंडळाची सभासद झाले.

पहिला महिनाभर मला एकही छर्रा मिळाला नाही. रिकामी रायफल खांद्याला लावायची, नळीवर सर एक रुपयाचे नाणे ठेवणार, ट्रिगर दाबायचा, नाणे पडता कामा नये. पहिल्या दिवशी ते मी इतक्या वेळा पाडले की शेजारची पाचवीतली मुलगी वाकून वाकून ते उचलून देत होती. दहाव्या दिवशी मी वैतागले. "सर, मी शाळेची मुख्याध्यापिका होते. मला समजलंय. आता छर्रे द्या."

"होत्या," सर म्हणाले. "इथं तुमी पयलीत. नाना उचला."

मी नाणे उचलले. मला इतक्या सहज पहिलीत बसवणारे माणूस त्याआधी भेटले नव्हते.

सरांनी महापे येथील एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. नेमबाजीही तिथल्याच कामगार संघात शिकले. निवृत्त झाल्यावर गावातल्या इतरांनी केले तसे तळमजल्याचे दुकानांचे गाळे काढणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तिथे रेंज उभारली. नेमाचे कार्ड मागेपुढे नेणारी तार आणि चाके त्यांनी जुन्या सायकलींच्या रिमांपासून स्वतः घडवली. ती आजही न अडकता चालतात. एकदा त्यांचे पुतणे माझ्यासमोर म्हणाले, "काका, चार गाले सुटले असते या जागंत. तुमी पोरांना टिकल्या फोडाला लावता."

सर रिम फिरवत राहिले. "गाले गावात पन्नास हाईत. गप उबा रवाला जागा ही एकच हाय. तूपन ये, तुला गरज हाय."

पुतणे हसत निघून गेले. आज त्यांच्या दोन्ही मुली मंडळात आहेत.

सरांची शिकवण एका वाक्यात सांगता येते: पयला बोला, मंग बगा. गोळी सुटली की चाक फिरवून कार्ड जवळ आणण्याआधी, ती कुठे, किती गुणांच्या वर्तुळात लागली असेल ते वहीत लिहायचे. ‘उजवीकडे, आठ.’ ‘वर, सात, श्वास सुटला.’ मग कार्ड आणून ताडून पाहायचे. प्रत्येकाची वही वेगळी. रविवारी सगळ्या वह्या सरांच्या टेबलावर जमतात आणि सर लाल पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचतात. गुण किती पडले याकडे ते फारसे पाहत नाहीत. बोललेले आणि लागलेले जुळले, तर बाजूला बरोबरची लाल खूण करतात. सात मारून सात म्हणणाऱ्याला खूण मिळते. दहा मारून ‘माहीत नाही’ लिहिणाऱ्याला मिळत नाही. सुरुवातीला मला हा उलटा न्याय वाटला. दोन वर्षांनी कळले की आपला हात काय करतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो सुधारता येतो.

त्यांचा चांगुलपणा न बोलता चालतो. आमची प्रियांका ही बाजारात माथाडी काम करणाऱ्या साताऱ्याकडच्या कुटुंबातली मुलगी. ती डावखुरी. मंडळाच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. दुसऱ्या एका ठिकाणी तिला हात बदलायला सांगितले गेले होते, म्हणून ती रडवेली होऊन आमच्याकडे आली. दोन आठवडे सर दुपारी घराच्या मागच्या बाजूला कानस घेऊन बसत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक रायफल तिच्या हातात दिली. लाकडी दस्ता डाव्या गालाला बसेल असा नव्याने घडवलेला होता.

"सर, ही माझी?" तिने विचारले.

"मंडलाची हाय. पन दुसऱ्या कोनाच्या गालाला बसाची नाय, त्याला मी काय करू?"

प्रियांका आज राज्य पातळीवर खेळते आणि मंडळात नवोदितांना शिकवते.

आता माझे पान.

सहा वर्षांपूर्वी आपल्या परिसरातल्या मंडळांची स्पर्धा आमच्याच रेंजवर झाली. पंच बाहेरच्या मंडळाचे होते. मी नवोदित गटात चौथ्या जागेवर उभी होते. शेजारी पाचव्या जागेवर ज्येष्ठांच्या गटात स्वतः सर होते. एका कार्डावर पाच गोळ्या मारायच्या होत्या. शेवटच्या कार्डावरची पाचवी गोळी मी सोडली आणि ट्रिगर दाबला त्याच क्षणी नेम धरायच्या गोलातून मला कार्डावरची पाटी दिसली. पाच. मी नेम घेण्याआधी मान वळवून माझा मुलगा आणि सून आले आहेत का ते पाहिले होते. परत वळताना नजर एक कार्ड पुढे गेली होती.

सवयीने मी वहीत लिहिले: ‘पाचवी. मधोमध. कार्ड माझे नाही, सरांचे.’

कार्डे जवळ आली. माझ्या कार्डावर चार भोके होती. त्यातले एक जरा फाटलेले होते. पंचांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "दोन गोळ्या एकाच जागेतून गेल्यात. वा, बाई!" सरांच्या कार्डावर सहा भोके होती.

"तुम्ही सहा मारल्यात," पंच म्हणाले.

"पाच मारल्या," सर म्हणाले.

पंचांनी मोठ्याने विचारले, "शेजारच्या कोणाची इकडे गेली आहे का?"

तीस वर्षे मी वर्गावर्गांतून हाच प्रश्न विचारला होता. कोणी केले? आणि समोरची चाळीस तोंडे गप्प राहिली की माझा संताप व्हायचा. त्या दिवशी ते गप्प तोंड माझे होते. मुलगा मागे उभा होता, टाळी वाजवून झाली होती, मला उत्तर ठाऊक होते आणि मी बोलले नाही. सरांनी ना डावीकडे पाहिले, ना उजवीकडे. पंचांनी नियमाप्रमाणे त्यांचे दोन गुण कापले. सरांचा पहिला क्रमांक एका गुणाने गेला. मला नवोदितांत तिसऱ्या क्रमांकाचे पदक मिळाले. सरांची ती शेवटची स्पर्धा ठरली. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी स्पर्धेत उतरणे थांबवले.

त्या रविवारी माझी वही मी ढिगाच्या अगदी तळाशी सरकवली. आठवड्याने ती न उघडता घरी नेली आणि नवी वही सुरू केली. पदक कपाटात, साड्यांच्या खाली गेले.

गेल्या महिन्यात सरांनी सर्वांना बसवून सांगितले, "कार्ड दिसतो, पन आतला दहा दिसत नाय मला आता. नेम पियंका शिकवल. शिस्त मॅडम बगतील." आणि किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी विचार करून सांगते म्हणाले आणि उठले. मुलांना वाटले, वय झाले म्हणून बाई कचरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, अंगणात तांदळाचे पीठ चाळत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. सर ऐकत होते. मग म्हणाले, "ती वही हाय का घरी?"

"आहे."

"घेऊन या."

मी घरी जाऊन वही आणली. त्यांनी ती उघडलीही नाही. माझ्याकडेच परत दिली आणि म्हणाले, "तुमीच काडा ते पान."

मी पान काढले. ‘पाचवी. मधोमध. कार्ड माझे नाही, सरांचे.’ त्या ओळीच्या बाजूला बरोबरची लाल खूण होती. सहा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाचता येतो मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा पान मी लिवून काय उपेग?"

"आणि तरी किल्ल्या दिल्यात?"

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "वही लिवताना कोनी बगत नव्हता, तवा तुमी खरा लिवला. सगले बगत होते, तवा जीभ अडकली. मानसाचा उलटा असतो मॅडम. लोकांसमोर खरा, वहीत खोटा. तसला मानूस मला चावी द्याला नको होता."

अंगणातूनच काकू म्हणाल्या, "सहा वरसं थांबले. मला बोलले, बाई लिवल, घाई करू नको. मीच म्हटला, या वयात कवा लिवल?"

"लिवतील ना आता," सर म्हणाले. "पान मोटा होईल. मुख्याध्यापिका हाईत."

मी आयुष्यात खूप सत्कार पाहिले. शाल देणारे आणि शाल घेणारे दोघेही मनगटावरचे घड्याळ पाहत असतात. भोईर सरांचा गौरव मला शालीने करता येत नाही. माझ्यासारख्या बाईला, जिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, तिला त्यांनी स्वतःची चूक लिहायला सहा वर्षांचा अवधी दिला आणि त्या सहा वर्षांत एकदाही नजर टोचू दिली नाही. मला त्यांची विद्यार्थिनी म्हणवून घेताना अभिमान वाटतो. घणसोली गावाने असे माणूस आपल्या कुशीत वाढवले, याचा गावालाही वाटावा.

सरांना आणि काकूंना पुढची पुष्कळ वर्षे निरोगी जावोत. त्यांचा खांदा दुखू नये, दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया नीट पार पडावी, आणि दर रविवारी सकाळी ते मागच्या खुर्चीवर बसून आम्हा सर्वांना "नाना उचला" असे म्हणत राहावेत.

हे पान रविवारी मंडळात सर्वांसमोर वाचले. त्यानंतर झालेल्या देवघेवीची नोंद:

सरांकडून मला मिळाले: किल्ल्या तीन. रायफली सहा, पैकी डावखुरी एक. पिस्तुले दोन. छर्ऱ्यांचे डबे अकरा. भिंग एक. रुपयाचे नाणे एक, सरावाचे. लाल पेन्सिल एक, अर्धी झिजलेली. चुकांच्या पानांची फाईल एक, पाने एकेचाळीस, पैकी पहिले पान खुद्द सरांच्या हातचे.

माझ्याकडून सरांना दिले: हे पान, फाईलमधले बेचाळिसावे. नवोदित गटाचे पदक एक.

सरांनी पान घेतले आणि खाली लाल खूण करून फाईलला लावले. पदक हातात वजन केल्यासारखे धरले, मग पुढे जाऊन चार नंबरच्या पाटीखालच्या खिळ्याला अडकवले. पाटी नव्याने रंगवलेली होती. आकडा आधीच्या दुप्पट.

"आता तरी वाचा, मॅडम," सर म्हणाले.

वस्तू मोजून मिळाल्या. सही केली.